डिटेक्टिव्ह हार्वी बुलक चांगला पोलीस आहे का? (बॅटमॅन: दि ॲनिमेटेड सीरिज)

रातवा

मंडळी, गेले पंधरा दिवस रोज रात्री जेवणं आटोपली की 'बॅटमॅन: दि ॲनिमेटेड सीरिज'चा एक भाग बघतोय. १९९२ साली अमेरिकेत फॉक्सवर सुरू झालेली, एकूण ८५ भागांची मालिका. शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर तुकड्यातुकड्यांत बघितली होती. तेव्हा डोळे फक्त बॅटमॅन आणि जोकरवर असायचे. आता चाळिशीत नजर सारखी डिटेक्टिव्ह हार्वी बुलककडे जाते.

आठवत नसेल त्यांच्यासाठी: कमिशनर गॉर्डनच्या हाताखालचा तो जाडा, चुरगळलेला कोट, डोक्यावर हॅट, तोंडात दातकोरणं. बॅटमॅन त्याला डोळ्यांसमोर नको असतो. 'ऑन लेदर विंग्ज' हा मालिकेसाठी सगळ्यात आधी तयार झालेला भाग. त्यातच तो महापौर हिलकडून बॅटमॅनला धरायला खास पथक मिळवतो.

काल 'पी.ओ.व्ही.' हा भाग बघितला आणि झोप उडाली. पोलिसांचा एक सापळा फसलेला असतो, गोदाम जळत असतं, गुन्हेगार निसटलेले. बुलक, ऑफिसर रेने मोंटोया आणि विल्क्स नावाचा नवशिका, अशा तिघांची खात्याच्या आतल्या चौकशीत उलटतपासणी होते. बुलक सांगतो, मी कुमक येईपर्यंत थांबलो होतो, सगळं बॅटमॅनमुळे बिघडलं. प्रत्यक्षात हा एकटाच आत घुसलेला असतो आणि आगीतून त्याला बॅटमॅननेच वाचवलेलं असतं. शेवटी तिघांचेही बिल्ले काढून घेतात.

आता सांगा, स्वतःची चूक झाकायला खोटं बोलणारा, आणि ज्याने जीव वाचवला त्याच्यावरच ढकलणारा माणूस चांगला पोलीस कसा? आणि तरी तो मला मनापासून आवडतो. का आवडतो ते सांगता येत नाहीये, म्हणून हा धागा. (सगळ्या भागांची रहस्यं फुटतील, आधीच सांगून ठेवतो.)

---

चहाटपरी

दातकोरणं आणि डोनट. बाकी काही आठवत नाही, पण तो पडद्यावर आला की बरं वाटायचं एवढं नक्की.

---

मोडीलिपी

रातवा, मस्त विषय. थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय बुलक कळत नाही.

कॉमिक्समध्ये बुलक हे नाव पहिल्यांदा १९७४ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ४४१ व्या अंकात आलं, पण ते अगदी ओझरतं. आपल्याला माहीत असलेला बुलक खऱ्या अर्थाने १९८३ ला 'बॅटमॅन'च्या ३६१ व्या अंकापासून उभा राहिला, लेखक डग मेंच. आणि तेव्हा तो चक्क घरभेदी होता! गॉर्डनची वाट लावायला महापौर हिलने त्याला पेरलेलं. वेंधळेपणाचं सोंग करून तो मुद्दाम घोळ घालायचा. त्यातून गॉर्डनला हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा याचं मन त्याला खायला लागतं आणि तिथून तो बदलतो.

म्हणजे हा मुळात पश्चात्तापातून उभा राहिलेला पोलीस. कार्टूनने ती कथा घेतली नाही, पण डाग ठेवला. 'व्हेंडेटा' आठवा. साक्षीदार गायब होतो आणि बुलकच्या नावावर जुने आरोप असल्यामुळे बॅटमॅनसकट सगळ्यांचा संशय त्याच्यावर जातो. निघतो खलनायक किलर क्रॉक. बुलकने त्याला आत टाकलेलं, त्याचा सूड तो उगवत असतो. गबाळा माणूस म्हणजे भ्रष्टच असणार, हा बॅटमॅनचा अंदाज साफ चुकतो. बॅटमॅन चुकलेला दाखवायला धमक लागते, आणि ती त्यांनी बुलकसाठी दाखवली.

---

खडीसाखर

मी स्पष्ट बोलते. बुलक चांगला पोलीस नाही. आवडणं वेगळं आणि चांगला असणं वेगळं. त्याच 'पी.ओ.व्ही.'मध्ये चांगला पोलीस कसा असतो ते दाखवलंय, तिचं नाव रेने मोंटोया.

तिघांपैकी ती एकटी जे पाहिलं तेच सांगते, त्यात बॅटमॅनची बाजू येते म्हणून शब्द फिरवत नाही. बिल्ला गेल्यावर बाकीचे हातपाय गाळून बसतात. ती एका गुंडाच्या तोंडून अर्धवट ऐकलेले शब्द जुळवते, त्यावरून गोदी शोधून काढते, बिल्ल्याशिवाय एकटी तिथे जाते आणि बॅटमॅनचा जीव वाचवते. अधिकार काढून घेतल्यावरही जी काम सोडत नाही ती पोलीस.

आणि ही बाई मालिकेसाठीच जन्माला घातलेली आहे. जोकरची साथीदार हार्ली क्वीन या मालिकेने दिली हे सगळे सांगतात, मोंटोयाचं नाव कुणी घेत नाही! गंमत म्हणजे मालिका यायच्या आधीच, मार्च १९९२ च्या 'बॅटमॅन' ४७५ मध्ये ती छापून आली, कारण कॉमिक्सवाल्यांना ती तयार होत असल्याचं माहीत होतं.

---

रातवा

खडीसाखर, मोंटोयाबद्दल शब्दाशब्दाला अनुमोदन. पण 'बाकीचे हातपाय गाळून बसतात' यात विल्क्सवर अन्याय होतोय. तो पोरगा कामावर नुकता लागलेला, बॅटमॅन पहिल्यांदाच बघतोय. साध्या हत्यारातही त्याला जादू दिसते. त्याचं सांगणं चुकीचं असलं तरी खोटं नाही. चुकीचं आणि खोटं यातला फरक मला त्या वीस-बावीस मिनिटांत जितका स्वच्छ दिसला तितका कुठल्या पुस्तकात दिसला नाही.

---

पारिजात_न्यूजर्सी

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे 'डिटेक्टिव्ह' म्हटलं की खासगी गुप्तहेर डोळ्यांसमोर येतो. इथल्या शहर पोलिसांत डिटेक्टिव्ह म्हणजे साध्या कपड्यातला तपास अधिकारी. गणवेशात गस्त घालून काही वर्षं काढायची, मग तिथे पोचायचं. म्हणून 'पी.ओ.व्ही.'मध्ये मोंटोया गणवेशात आहे आणि बुलक कोटात. तो तिच्या पुढचा आहे आणि तरी ती त्याच्यापेक्षा सरळ वागते, हे तिथे मुद्दाम ठेवलंय.

आणि ती चौकशी करणारा हॅकल 'इंटर्नल अफेअर्स'चा, म्हणजे पोलिसांवर पोलीस. त्या लोकांबद्दल इथल्या पोलिसांच्या मनात राग असतोच, त्यामुळे बुलकचं अंग चोरून बसणं आणि गुरगुरणं मला फार खरं वाटलं.

---

तिठा

थोडं अवांतर, पण हे माहीत नसेल तर आजचा दिवस सार्थकी लागेल. बुलकचा आवाज रॉबर्ट कोस्टान्झोचा. हा माणूस म्हणजे 'फ्रेंड्स'मधल्या जोईचे वडील!!

---

चहाटपरी

काय सांगतोस! आता बुलकच्या प्रत्येक वाक्यात जोईचा बाप ऐकू येणार. पण जमतंय, खाण्याचं प्रेम घराण्यातलंच म्हणायचं. 😀

---

घाटमाथा

'पी.ओ.व्ही.' म्हणजे जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५० च्या 'राशोमोन' सिनेमाचीच पद्धत ना? एक घटना, तीन माणसं, तीन कहाण्या.

---

सांजवारा

घाटमाथा, साचा तोच, पण उलटा फिरवलाय. 'राशोमोन'मध्ये जो जे सांगतो तेच पडद्यावर दिसतं, त्यामुळे खरं काय ते शेवटपर्यंत हाती लागत नाही. इथे बुलक तोंडाने सांगतो एक आणि चित्रात दिसतं दुसरं. प्रेक्षकाला खरं माहीत असतं, खोलीतल्या हॅकलला आणि गॉर्डनला नसतं.

लहान मुलांच्या मालिकेत हे करणं सोपं नाही. कानाने ऐकलेलं आणि डोळ्याने पाहिलेलं जुळत नाही, हे सात-आठ वर्षांच्या पोराने ओळखायचं आणि कोण खोटं बोलतंय ते स्वतः ठरवायचं. समजावून सांगायला कुणी येत नाही. माझ्या भाचीला दाखवला तेव्हा तिने मध्येच थांबवून विचारलं, "मामा, तो खोटं का बोलतोय?" मी काहीच न सांगता तिने ओळखलं.

---

बोरकूट

बुलकवर बोलताना 'अ बुलेट फॉर बुलक' कुणी काढला नाही अजून?

कुणीतरी बुलकच्या जिवावर उठलंय. धमक्या येतात, हल्ला होतो. आयुष्यभरात इतक्या लोकांना आत टाकलंय की नक्की कोण ते त्याला कळत नाही. मग ज्याच्या नावाने रोज बोटं मोडतो त्या बॅटमॅनकडेच मदत मागायला जातो. मला तो प्रसंग फार आवडतो. अभिमान गिळायला किती जड जातो ते त्या आवाजात ऐकू येतं. दोघं मिळून अमली पदार्थांच्या एका मोठ्या टोळीचा निकाल लावतात, आणि शेवटी कळतं की जिवावर उठलेला माणूस म्हणजे त्याचा घरमालक! भाडेकरू इतका गलिच्छ राहतो, बाहेर काढता येत नाही, म्हणून.

भागाचं संगीतही ऐका. सबंध भागभर जॅझ, जुन्या गुन्हेपटांसारखं. हार्वी कोहेनला त्यासाठी डेटाइम एमी मिळालं.

---

चहाटपरी

घरमालकाने मारेकरी व्हायचं म्हणजे भाडेकरू काय तोडीचा असेल!

---

बोरकूट

चहाटपरी, माझा अनुभव उलटा आहे. पुण्यात बॅचलर म्हणून राहत होतो तेव्हा आम्ही तिघं इतके टापटीप की शेजारच्या काकू उदाहरण द्यायच्या. घर सोडताना मालकांनी भिंतीला खिळ्याची चार भोकं मोजली आणि डिपॉझिटातले बरेच पैसे कापून घेतले. ती भोकं आमच्या आधीचीच होती. अजून राग येतो.

---

खडीसाखर

चार भोकं! आमच्या मालकीणबाईंनी तर नळाचा वॉशर कापला होता हिशोबात.

---

घाटमाथा

भाडेकरू-मालक हा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे बुलक.

(सांजवारा, उलटा साचा हे पटलं. धन्यवाद.)

---

उंबरठा

माझ्यासाठी बुलक 'आय ॲम द नाइट'मध्ये कळतो. आईवडील गेले त्या गल्लीत फुलं ठेवायला बॅटमॅन गेलेला असतो, तिथे अडकतो आणि गॉर्डनच्या कारवाईला उशिरा पोचतो. गॉर्डनला गोळी लागते. इस्पितळात बुलक बॅटमॅनला धारेवर धरतो, हे तुझ्यामुळे झालं म्हणतो.

तिथे तो चूकही आहे आणि बरोबरही. गोळी बॅटमॅनने झाडली नाही. पण जो माणूस मुखवटा घालून मर्जीने येतो आणि मर्जीने जातो, त्याच्या भरवशावर पोलिसांनी जीव टाकावा का, हा बुलकचा प्रश्न पहिल्या भागापासून आहे आणि तो खोटा नाही. त्याचा विरोध मत्सरातून येतो असं मला आधी वाटायचं. तो भाग बघितल्यावर वाटलं की तो गॉर्डनवरच्या प्रेमातून येतो.

आणि शेवटी गॉर्डन अंथरुणात पडल्या पडल्या बॅटमॅनला म्हणतो, तरुण असतो तर मीही तुझ्यासारखा झालो असतो, मला हिरो व्हायचं होतं. त्यावर बॅटमॅन त्याला सांगतो की तू आहेसच. बॉब हेस्टिंग्ज आणि केव्हिन कॉनरॉय, दोघंही आता नाहीत. २०२२ ला कॉनरॉय गेल्याचं कळलं त्या रात्री मी हाच भाग लावला होता.

---

तिठा

+१. मी पण त्या दिवशी हाच.

---

नवखा_०४

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे बहुतेक. माझा बॅटमॅन म्हणजे २००४ चा 'द बॅटमॅन'. त्यात बुलकच्या जागी ईथन बेनेट आणि एलेन यिन अशी डिटेक्टिव्हची जोडी होती. बेनेट ब्रूस वेनचा (म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनचाच) बालपणीचा मित्र आणि बॅटमॅनच्या बाजूचा. यिन आधी बॅटमॅनला धरायच्या मागे असते, मग लपूनछपून त्याला मदत करायला लागते. पहिल्या पर्वाच्या शेवटी जोकरमुळे बेनेटचाच क्लेफेस होतो. इतका सरळ पोलीस खलनायक झाला म्हणून मी शाळेत दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.

आणि २०२४ चं 'बॅटमॅन: केप्ड क्रूसेडर' बघितलं का कुणी? त्यात बुलक सरळसरळ भ्रष्ट दाखवलाय, फ्लास नावाच्या जोडीदाराबरोबर. गॉर्डनच्याच मुळावर उठलेला.

---

मोडीलिपी

बघितलं, दहाही भाग. निर्मात्यांत ब्रूस टिम आहेच, म्हणजे ज्याने ९२ चा बुलक घडवला त्यानेच हा केला. १९८३ चा घरभेदी बुलक परत आणलाय म्हणता येईल. मोंटोया मात्र तिथेही प्रामाणिक डिटेक्टिव्ह. म्हणजे तीस वर्षांत बुलक दोन्हीकडे झुकला, ती ढळली नाही.

---

रातवा

मला तो बघवला नाही. तिसऱ्या भागाला बंद केलं. दातकोरणं तेच, पण माणूस आपला नव्हे. ९२ चा बुलक खोटं बोलतो तेव्हा त्याला लाज वाटत असते. ही लाजच काढून टाकली तर बुलक म्हणून काय उरतं?

---

कुंचला

चित्रांबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, पोटापाण्याचा धंदा तोच आहे. या मालिकेची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवलेली आहे. एरिक रॅडोम्स्कीची कल्पना. पांढऱ्या कागदावर अंधार रंगवायचा नाही, अंधारातून जेवढं दिसायला हवं तेवढंच बाहेर काढायचं.

मी एकदा करून बघितलं. काळा कार्डपेपर आणला, पोस्टर रंग घेतले, आमच्या गल्लीचं रात्रीचं चित्र काढायला बसलो. खिडकीचा एक पिवळा चौकोन दिला आणि इमारत आपोआप उभी राहिली. दिव्याखाली दोन फटकारे, रस्ता तयार. हात सारखा जास्त रंगवायला जायचा आणि दर वेळी चित्र बिघडायचं. न रंगवलेल्या भागावर विश्वास ठेवायला शिकायलाच मला महिना लागला.

त्या काळ्यात बुलक बघा. बॅटमॅन अंधारातून बनलाय, कडा दिसतात तेवढ्याच. बुलकचा कोट मात्र मातकट, उजेडात मळलेला. दोघं शेजारी उभे राहिले की रंगच भांडतात.

आणि ती सुरुवातीची मिनिटभराची पट्टी! बॅटमॅनच्या गोथम शहरावर पोलिसांची विमानं नाहीत, फुग्यासारखी ब्लिंप फिरतात, प्रकाशझोत टाकत. बँकेत स्फोट, दोन चोर पळतात, गच्चीवर बॅटमॅन त्यांना लोळवतो. पोलीस पोचतात तोवर ते बांधून पडलेले. मालिकेचं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. पण पोलीस उशिरा पोचतात हे पहिल्या मिनिटातच सांगून टाकलंय. पुढच्या ८५ भागांत बुलकचं दुखणं हेच, की आपण पोचतो तेव्हा सगळं झालेलं असतं.

---

सांजवारा

कुंचला, दंडवत. शेवटचा परिच्छेद वाचून परत ती सुरुवात लावली. इतक्या वेळा बघूनही हे लक्षात आलं नव्हतं.

---

कडेकपारी

बुलकचा धागा आहे हे मान्य, पण याच मंडळींच्या पुढच्या मालिकेतल्या एका पोलिसाचं नाव इथे यायलाच हवं. 'सुपरमॅन: दि ॲनिमेटेड सीरिज'मधला इन्स्पेक्टर डॅन टर्पिन.

टर्पिन बुलकचा थोरला भाऊ शोभेल असा. म्हातारा, बुटका, रुंद, तोंडाळ. अंगात कुठलीही शक्ती नाही. हे पात्र जॅक कर्बीने सत्तरच्या दशकात कॉमिक्समध्ये निर्माण केलं आणि मालिकेत त्याचा चेहराही कर्बीवरूनच बेतला. 'अपोकोलिप्स नाऊ' या दोन भागांच्या कथेत डार्कसाईड पृथ्वीवर चालून येतो, सुपरमॅनला हरवून लोकांसमोर बांधून ठेवतो, गुडघे टेका म्हणतो. सगळं शहर गप्प. पुढे येतो तो टर्पिन. त्याच्यामुळे लोकांना धीर येतो आणि तोच सुपरमॅनला सोडवतो. डार्कसाईडला माघार घ्यावी लागते आणि जाता जाता, केवळ खुन्नस म्हणून, तो टर्पिनला एका क्षणात नाहीसा करतो. हे १९९८ ला, मुलांच्या कार्टूनमध्ये.

मग अंत्यविधी. रब्बी ज्यू लोकांची कद्दिश ही प्रार्थना म्हणतो, त्याच्याच भाषेत. प्रेक्षकांना अर्थ कळणार नाही म्हणून भाषांतर करत बसत नाहीत. सगळे गेल्यावर सुपरमॅन एकटा थांबतो आणि कबरीपाशी एवढंच म्हणतो की जगाला सुपरमॅनची गरज नव्हती, एका धीराच्या माणसाची होती. तो भाग कर्बीच्या स्मृतीला अर्पण केलाय, कर्बी १९९४ ला गेला.

मी तो भाग बघितला त्या वर्षी माझे आजोबा वारले होते. तिथे म्हटलेलं काहीही कळत नव्हतं, पण घरी दहाव्याला भटजी म्हणत होते तेही मला कळलं नव्हतं. सूर मात्र तोच वाटला. टीव्हीसमोर बसून मी घरच्यांच्या आधी तिथे रडलो.

---

उंबरठा

कडेकपारी, वाचताना घसा दाटला. टर्पिनला विसरले होते याचं वाईट वाटतंय.

---

खडीसाखर

टर्पिनसमोर काही बोलायचं नाही. फक्त मोंटोयाचं पुढचं सांगते, कारण कार्टूनवर थांबलेल्यांना ते माहीत नसतं.

२००३ ते २००६ 'गोथम सेंट्रल' नावाचं कॉमिक चाललं. बॅटमॅन नावापुरता, सगळी गोष्ट पोलीस ठाण्याची. शिफ्ट, फाइली, थंड कॉफी, आणि एक सुपरव्हिलन आला की मरणारे साधे पोलीस. त्यात ग्रेग रका आणि मायकल लार्कची 'हाफ अ लाइफ' ही कथा आहे. मोंटोयाला बायका आवडतात ही गोष्ट टू-फेस हा खलनायक सगळ्या खात्यासमोर आणि घरच्यांसमोर फोडतो. तिचे आईवडील डॉमिनिकन, सनातनी. ते तिला तोडतात. या कथेला २००४ चा आयझनर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. कार्टूनमध्ये दोन मिनिटं दिसणाऱ्या गणवेशातल्या बाईचं केवढं मोठं झाड झालं बघा.

---

आबोली

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मूळ प्रश्नावरच लिहिते.

माझे वडील हवालदार होते. शेवटची काही वर्षं ठाण्याच्या डीबीत होते, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकात, साध्या वेशात. पारिजात म्हणतात तसं आपल्याकडचं 'डिटेक्टिव्ह' म्हणजे हेच लोक. त्यांचा एक बदामी शर्ट होता, रात्रपाळीहून आले की बुलकच्या कोटासारखा चुरगळलेला. आई तो तारेच्या हँगरला अडकवायची, खिशातून तंबाखूची पुडी आणि बसची तिकिटं काढून टीव्हीवर ठेवायची.

एका रविवारी मी 'पी.ओ.व्ही.' बघत होते आणि बाबा मागे चहा पीत बसले होते. मला इंग्रजी शाळेमुळे बऱ्यापैकी कळायचं. बाबांना अजिबात नाही. बुलक सांगत होता की मी थांबलो होतो, बॅटमॅनने घोळ घातला. मी बाबांना भाषांतर करून सांगितलं, "ते म्हणतायत बॅटमॅनची चूक आहे." बाबा म्हणाले, "बॅटमॅन कुठला? हाच की घुसला एकटा. मी बघितलं ना."

मी वाद घातला. म्हटलं, अहो तो पोलीस स्वतः सांगतोय! कारण मी शब्द ऐकत होते. बाबांना शब्दच कळत नव्हते, म्हणून त्यांनी नुसतं बघितलं आणि पहिल्या फटक्यात त्यांना खरं दिसलं. सांजवारा यांनी वर कान आणि डोळे लिहिलंय ते वाचून हे आठवलं. मला खरं कळायला कित्येक वर्षं गेली, परत बघितल्यावर.

मग बिल्ले काढून घेतात तो प्रसंग आला. बाबांनी कप खाली ठेवला. आपल्याकडे शिपायाचा बक्कल नंबर असतो, तो त्याला नावासारखा चिकटतो, साहेब नंबरानेच हाक मारतात. खातेनिहाय चौकशी बाबांचीही एकदा झालेली, मी तेव्हा फार लहान होते. ते एवढंच बोलले, "घाबरलाय तो. नोकरी गेली तर काय, याला घाबरलाय. खोटं बोलला ते वाईटच केलं. पण आत एकटा घुसला ते खोटं नाही."

रातवा, तुम्ही विचारलंत तो का आवडतो. माझ्यापुरतं उत्तर हे आहे. कुमक आली नव्हती, आत हत्यारबंद माणसं होती, आणि हा जाडा, दम लागणारा माणूस एकटा आत गेला. मूर्खपणा केला, पण पाठ फिरवून पळाला नाही. भीती त्याला वाटली ती टेबलाच्या या बाजूला, साहेबांसमोर बसल्यावर.

---

रातवा

आबोली, धागा काढल्याचं चीज झालं. दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत होतो. तो खोटं का बोलतो याकडे बघत होतो, आत का गेला याकडे बघितलंच नाही. आज रात्री तो भाग आवाज बंद करून बघणार आहे.

---

खडीसाखर

आबोली, माझं मत बदललं नाही, खोटं ते खोटंच आणि त्याची झळ मोंटोयाला बसली. पण तुमच्या बाबांचं वाक्य वाचून बुलकवरचा राग कमी झाला. बाबा कसे आहेत आता?

---

आबोली

मजेत आहेत, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आत्ताच हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. बुलकबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "त्या पोरीचं काय झालं पुढे? तिचा बिल्ला मिळाला का?"

---

खडीसाखर

मिळाला म्हणावं. आणि १९९७ ला पुढची मालिका आली, 'द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स', त्यात गणवेश उतरला. डिटेक्टिव्ह झाली, बुलकच्याच जोडीला.